उच्चाराचे माप कोणाच्या तोंडाचे?

गेल्या पावसाळ्यात आमचे एक तरुण सहकारी माझ्याकडे कागदांची एक चळत घेऊन आले. ते बांधकाम मजुरांच्या वस्तीत काम करतात. वस्तीतल्या सात वर्षांच्या एका मुलीचा तो वाचा-तपासणीचा अहवाल होता. मुलीचे कुटुंब वऱ्हाडातून कामाच्या शोधात आलेले. शाळेतल्या बाईंनी ‘उच्चार अशुद्ध व अस्पष्ट’ असा शेरा मारला. कोणा परोपकारी गृहस्थांनी पहिल्या तपासणीचे पैसे भरले आणि मुलगी एका खाजगी चिकित्सालयात गेली. अहवाल सहा पानांचा होता. त्यात करड्या-काळ्या पट्ट्यांची चित्रे होती, हर्ट्‌झ आणि मिलिसेकंदांचे तक्ते होते, आणि अखेरीस निष्कर्ष होता : ण, ळ, श आणि स हे चार ध्वनी सदोष, तीस बैठकांचा उपचार आवश्यक. एका बैठकीची फी मुलीच्या आईच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक होती. सहकाऱ्यांनी विचारले, “सर, हे खरं मानायचं का? आकड्यांतलं तुम्हाला कळतं म्हणून आलो.”

ध्वनिशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. परंतु आकडा समोर आला की तो कोणत्या पायावर उभा आहे असे विचारण्याची सवय त्या विषयाने लावली, आणि निवृत्तीनंतर ती सुटलेली नाही. म्हणून थोडे वाचन केले, जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती आले ते कार्यकर्त्यांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते. कारण हे यंत्र आता स्वस्त झाले आहे, आणि जे स्वस्त होते ते लवकरच शाळेच्या दारात येऊन उभे राहते.

यंत्र काय करते ते आधी पाहू. आपण बोलतो तेव्हा कंठातील स्वरतंतू हवेला कंप देतात आणि घशापासून ओठांपर्यंतची पोकळी त्यातील काही कंपनांना बळ देते, काहींना दाबते. जीभ हलली की पोकळीचा आकार बदलतो आणि बळ मिळणाऱ्या कंपनांच्या पट्ट्या सरकतात. ‘आ’ आणि ‘ई’ यांत आपल्याला जो भेद ऐकू येतो तो या पट्ट्यांच्या जागांचा भेद असतो. ध्वनीचे असे चित्र कागदावर उमटवणारे यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राफ, अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाले. त्यावरचे ‘व्हिजिबल स्पीच’ हे पुस्तक १९४७ साली निघाले. बहिऱ्यांना बोलणे डोळ्यांनी वाचता यावे, ही त्यामागची एक आकांक्षा होती. ती तशी सफल झाली नाही, पण ध्वनीच्या अभ्यासाला एक नवा डोळा मिळाला. त्या यंत्राची नंतर बाजारात आलेली आवृत्ती एका वेळी फक्त २.४ सेकंदांचे बोलणे घेई आणि त्याचे चित्र फिरत्या नळकांड्यावरील कागदावर उमटायला काही मिनिटे लागत. आपल्याकडे मोजक्याच संस्थांना ते परवडणारे होते. आज तेच काम कोणताही साधा संगणक क्षणार्धात करतो. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी रचलेली ‘प्रात’ ही संगणकप्रणाली जगभर विनामूल्य मिळते. तिचे परवानाशुल्क नाही. खाजगी मालमत्तेच्या युगात असे काही घडते याची नोंद आपण समाजवाद्यांनी जाता जाता घेतली पाहिजे.

मुलांच्या उच्चारांची तपासणी पूर्वी केवळ कानाने होत असे आणि आजही मुख्यतः कानानेच होते. चित्रे दाखवायची, मुलाने नावे सांगायची, तपासणाऱ्याने बरोबर-चूक खूण करायची. या पद्धतीत गैर काही नाही. पण कानाला एक खोड आहे : तो ऐकलेला ध्वनी आपल्या भाषेच्या ठरलेल्या खणांत टाकून मोकळा होतो. दोन खणांच्या मधले त्याला ऐकू येत नाही. इथे यंत्राचा खरा उपयोग आहे. १९८० साली मॅकेन आणि बार्टन या दोन संशोधकांनी इंग्रजी शिकणाऱ्या लहान मुलांचे उच्चार मोजले. ‘प’ आणि ‘ब’ अशा जोड्यांतील दोन्ही ध्वनी मोठ्यांच्या कानाला एकच वाटत होते. पण ओठ उघडणे आणि कंठकंप सुरू होणे यांतील वेळ मोजता असे आढळले की मूल दोहोंत नियमित फरक करीत आहे, फक्त तो मोठ्यांच्या एकाच खणात सामावण्याइतका लहान आहे. म्हणजे मुलाला भेद कळला होता. तो ऐकण्याची कुवत मोठ्यांच्या कानाला नव्हती. जो भेद मुलाला मुळीच ठाऊक नाही तो शिकवणे आणि जो भेद ते करीतच आहे तो ठळक करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला अधिक श्रम लागतात. हा निर्णय कानावर सोपवला तर चुकू शकतो. मोजमापाने तो सुधारतो. तेव्हा यंत्राचा धिक्कार करणाऱ्यांपैकी मी नाही.

आता त्या अहवालाकडे येऊ. त्यातील आकडे कशाशी ताडून पाहिले होते? स्वरांचे आणि स-श यांचे आकडे अमेरिकेतील इंग्रजीभाषक मुलांच्या मूल्यांशी ताडलेले होते. ण आणि ळ इंग्रजीत नाहीतच, त्यामुळे तेथे तपासणाऱ्या व्यक्तीचा स्वतःचा कान हाच आधार होता. चित्र बाजूला नुसते छापले होते. रेशनच्या दुकानात वजनकाटा मांडून ठेवावा आणि धान्य मात्र मुठीने द्यावे, तसा हा प्रकार.

आम्ही अर्थशास्त्राचे लोक निर्देशांक काढतो तेव्हा पहिला वाद आधारवर्षाचा असतो आणि दुसरा टोपलीचा : कोणाच्या खर्चाची टोपली? गिरणी कामगाराची की सचिवालयातील अधिकाऱ्याची? टोपली बदलली की महागाईचा दर बदलतो. उच्चारांच्या मोजमापाचेही तेच आहे. या शास्त्रात ज्यांचा उल्लेख वारंवार होतो ती स्वरांची मूल्ये पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. त्यांनी एकूण ७६ व्यक्तींचे आवाज मोजले : ३३ पुरुष, २८ स्त्रिया आणि १५ मुले. अभ्यास उत्तम होता आणि त्यात काही लपवाछपवी नव्हती. पण अमेरिकेतील पंधरा मुलांच्या तोंडून निघालेल्या आकड्यांची सावली किती दूरवर पडते हे पाहिले की अचंबा वाटतो. पुढे अधिक मुले मोजली गेली, मूल्ये सुधारली. तरी ती त्यांची मुले होती.

याहून बोलके उदाहरण आपल्याच भाषेचे आहे. लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांतील स्पर्श-व्यंजने मोजली. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून कंठकंप सुरू होईपर्यंतचा काळ ही त्यांची मोजपट्टी. हीच मोजपट्टी वर सांगितलेल्या मुलांच्या अभ्यासात पुढे वापरली गेली. त्या अकरांत मराठी होती. बहुतेक भाषांत ही एकच मोजपट्टी ध्वनींचे वर्ग चोख वेगळे करते असे दिसून आले. ती अडली ती हिंदी आणि मराठीपाशी : ब आणि भ, द आणि ध यांचा भेद तिला पुरेसा धरता येईना. ज्या ध्वनींत कंठकंप आणि प्राण दोन्ही एकत्र येतात ते या पट्टीवर नीट बसत नाहीत. ‘भात’ आणि ‘बात’ यांतील भेद वऱ्हाडातील अडाणी म्हातारीला कळतो, पण पट्टीला कळत नाही! संशोधकांनी हे प्रांजळपणे नमूद केले. मात्र तीच पट्टी तयार यंत्रात घालून विकणारा व्यापारी असा प्रांजळपणा दाखवील याची खात्री काय?

शिवाय मूल म्हणजे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे. प्रौढ पुरुषाच्या कंठापासून ओठांपर्यंतची नळी साधारण साडेसतरा सेंटीमीटर धरली तर तिची पहिली अनुनादपट्टी पाचशे हर्ट्‌झच्या आसपास येते. मुलाची नळी बारा सेंटीमीटर धरली तर तीच सव्वासातशेच्या पुढे जाते. त्यात मुलाचा आवाज बारीक; कंठ सेकंदाला अडीचशे-तीनशे वेळा कंप पावतो. त्यामुळे ध्वनिचित्रातील रेषा एकमेकींपासून दूर दूर पडतात आणि पट्टीचा नेमका मध्य कुठे हे यंत्र अंदाजानेच सांगते. तो अंदाज दशांश चिन्हानंतर दोन अंक लावून छापला की पालकांना ते ब्रह्मवाक्य वाटते. ‘स’ची गोष्ट निराळी आहे. त्याचा जोर प्रौढातही चार हजार हर्ट्‌झच्या वर असतो, मुलांत आणखी वर. जुन्या टेलिफोनच्या तारेतून तीनशे ते चौतीसशे एवढेच जात असे. आजचे मोबाइलही आवाज दाबून, गोंगाट गाळून पाठवतात. आमच्या सहकाऱ्यांनी उत्साहाने त्या मुलीचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मला संदेशाने पाठवले. मी ते जाणकारांना ऐकवले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, यावरून ‘स’बद्दल काहीही सांगणाऱ्याचे ऐकू नका.

या अडचणी तंत्राच्या आहेत आणि तंत्रज्ञ त्या सोडवतील. ज्या अडचणीसाठी हा लेख लिहीत आहे ती तंत्राची नाही.

अहवालात ‘शाळा’ हा शब्द दोषपूर्ण ठरला होता, कारण मुलगी ‘शाया’ म्हणाली. ‘पाणी’ दोषपूर्ण, कारण ती ‘पानी’ म्हणाली. ‘डोळा’ दोषपूर्ण, कारण ‘डोया’. तिची आई असेच बोलते, आजी असेच बोलते, गावातील बहुतेक लोक असेच बोलतात. ळ-च्या जागी य आणि ण-च्या जागी न हा त्या बोलीचा नियम आहे. आपल्या बोलींचा अभ्यास झालेला नाही असेही नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला खंड १९०५ साली निघाला, डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात कुडाळी, महाडकडची कुणबी अशा बोलींवर एकेक पुस्तक सिद्ध केले. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचे सर्वेक्षण ध्वनिमुद्रणांसह हाती घेतले. परंतु हे ज्ञान एका खोलीत आणि मुलांची तपासणी दुसऱ्या खोलीत, अशी आपली व्यवस्था आहे. मधले दार कोणी उघडलेले नाही.

‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द महाराष्ट्रात केवळ व्याकरणाचे कधीच नव्हते. ण आणि न यांवरून माणसाची जात ओळखण्याचा खेळ आपल्या समाजात किती पिढ्या चालला आहे! महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षण आयोगापुढे निवेदन केले तेव्हा प्राथमिक शाळांतील शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील, अशी मागणी केली होती. त्या मागणीत मुलांच्या जिभेचाही प्रश्न होता असे मला आता वाटते. आणि हे सांगताना स्वतःला वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तोंडी परीक्षेत ‘भांडवलाची मागनी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी एकदा नव्हे, अनेकदा मध्येच थांबवून ‘मागणी’ म्हणायला लावले आहे. त्या क्षणी त्याच्या डोक्यातला विचार तुटत असे, हे मला फार उशिरा कळले. आपल्या शिबिरांतही नागपूरकडच्या किंवा खानदेशातल्या कार्यकर्त्याच्या भाषणावर मागच्या रांगेत जे हसू फुटते, ते सर्वांना ठाऊक आहे.

आजवर हे काम हसण्यावर आणि शेऱ्यावर भागत होते. आता त्याला हर्ट्‌झ आणि मिलिसेकंद यांची साथ मिळेल, ही माझी चिंता आहे. ‘ण’ म्हणताना त्याआधीच्या स्वराची तिसरी पट्टी खाली झुकते, ‘न’ म्हणताना तशी झुकत नाही. यंत्र हे अचूक दाखवील. ते खोटे बोलणार नाही. पण ती पट्टी झुकायलाच हवी होती असे यंत्र सांगत नाही. ते सांगणारे माणूस असते. आणि एकदा आकडा छापला गेला की त्यामागचे माणूस दिसेनासे होते.

दुसऱ्या देशांनी हा ठेचकाळण्याचा अनुभव घेतला आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲन आर्बर येथे गरीब वसाहतीतील काही कृष्णवर्णीय मुलांना शाळेने मंद आणि अध्ययनदोष असलेली ठरवले. पालक न्यायालयात गेले. १९७९ साली न्यायालयाने निर्णय दिला की मुलांची घरची बोली शाळेने विचारात घ्यायला हवी होती, आणि शिक्षकांना ती समजेल अशी व्यवस्था शाळेने करावी. १९८३ साली त्या देशातील वाचा-उपचारकांच्या संघटनेने अधिकृत भूमिका घेतली की कोणतीही सामाजिक बोली हा वाचादोष नव्हे. हे पाऊल आपोआप पडले नाही. त्यामागे नागरी हक्कांची चळवळ होती आणि लाबोव्हसारखे भाषाशास्त्रज्ञ होते, जे न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत जाऊन लोकांचे बोलणे ऐकत होते.

इथपर्यंत वाचून काही मित्र म्हणतील, म्हणजे उच्चारदोष ही सारी वरच्या वर्गाने रचलेली गोष्ट आहे. मुलीला सोडून द्या, ती जशी बोलते तशी बोलू दे. या मित्रांशी माझा मतभेद तीव्र आहे. त्या मुलीच्या आजीला आमच्या सहकाऱ्यांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, “हिचं बोलनं आमालेच समजत नाई.” सहा पानांच्या अहवालात नसलेले सत्य या एका वाक्यात होते. मुलगी ‘साप’ला ‘ताप’ म्हणत होती, ‘सासू’ला ‘तातू’. हे वऱ्हाडात कोणी म्हणत नाही. तिची धाकटी चुलत बहीण स्पष्ट ‘स’ म्हणते. म्हणजे दोष होता, आणि तो खरा होता. पण चार ध्वनींच्या यादीत तो शेवटी, तीन खोट्या दोषांच्या गर्दीत हरवला होता. आजीने आणखी एक गोष्ट सांगितली : पोरीचा कान दर पावसाळ्यात वाहतो. सहा पानांत श्रवण-तपासणीचा उल्लेखही नव्हता. वास्तविक उच्चारांच्या तपासणीआधी कान तपासायचा, हा या शास्त्रातील पहिला धडा आहे. कानात पू किंवा पाणी साठले की ऐकू येणे मंदावते, आणि ‘स’सारखे क्षीण ध्वनी सर्वांत आधी हरवतात. जो ध्वनी मुलाला धड ऐकूच येत नाही तो तीस बैठकांत शिकवणार कसा?

बोलीच्या नावाखाली दोषाकडे काणाडोळा करणे हाही गरिबांवरील अन्यायच आहे. ‘खेड्यातली मुलं अशीच बोलतात’ हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे. त्यात औदार्याचा आव असतो आणि निष्काळजीपणा असतो. अर्धवट बहिरे मूल वर्गात मागच्या बाकावर बसते, दोन वर्षांनी शाळा सोडते आणि आपण गळतीच्या आकडेवारीत त्याची भर घालतो. सधन घरचे मूल तीन वर्षांचे झाले आणि बोबडे राहिले की आई त्याला घेऊन दोन डॉक्टर फिरते. मजूर आईला त्यासाठी रोज बुडवावा लागतो.

मग कसोटी कोणती? माझ्या समजुतीप्रमाणे ती आजीच्या वाक्यातच आहे. मुलाची तुलना त्याच्या घरच्या, त्याच्या गल्लीतल्या, त्याच्या वयाच्या मुलांशी व्हावी. विशेष म्हणजे ध्वनिमापनाचे शास्त्र या कसोटीला अनुकूल आहे, विरोधी नाही. एका मुलाचा ‘स’ किती हर्ट्‌झचा, हा निरपेक्ष आकडा फारसे सांगत नाही. नळीच्या लांबीने तो बदलतोच. त्याच मुलाच्या तोंडात ‘स’ आणि ‘त’ यांत किती अंतर आहे, आणि तेवढे अंतर त्याच्या बहिणीच्या तोंडात आहे का, हे विचारले की नळीचा, आवाजाच्या बारीकपणाचा, परदेशी मूल्यांचा बराचसा गोंधळ गळून पडतो. ज्या बोलीत ण आणि न यांत अंतरच नाही तेथे ते शोधायचे कारण उरत नाही. आणि ज्या मराठीत ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांत अंतर आहे, ‘म्हैस’मधला म्ह आणि ‘मैना’मधला म यांत अंतर आहे, तेथे ते शोधले पाहिजे, इंग्रजी किंवा हिंदी मुलांसाठी रचलेली चित्रांची वही ते शोधणार नाही.

यासाठी आपल्या बोली बोलणाऱ्या मुलांची मापे हवीत : वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाडी; कातकरी आणि गोंड पाड्यांवरील, जेथे घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी आहे; ऊसतोडीच्या तळांवरील, जेथे वर्षातून दोनदा शाळा बदलते. वयानुसार, शांत खोलीत, चांगल्या मायक्रोफोनवर, पालकांच्या संमतीने घेतलेली. हे कोण करणार? अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात तिचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. मूल्ये एकदा तयार झाली की ती शंभर चिकित्सालयांनी वापरली तरी झिजत नाहीत, आणि ती तयार करण्याचा खर्च मात्र पहिल्यालाच सोसावा लागतो. म्हणून कोणतेही खाजगी चिकित्सालय तो सोसणार नाही. तयार मिळणारी अमेरिकी मूल्ये त्याला पुरतात. मोठी कंपनी कदाचित सोसेल, पण मग ती मुलांचे आवाज आपल्या तिजोरीत ठेवील आणि मापे भाड्याने देईल. आदिवासी पाड्यावरील मुलाचा आवाज कच्चा माल म्हणून जायचा आणि शुल्क आकारणारी उच्चार-परीक्षा म्हणून परत यायचा, हा व्यापार आपण कापसाच्या आणि कापडाच्या रूपाने ओळखतो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. निरक्षर पालकाच्या अंगठ्याला त्या संमतीत काय अर्थ राहील ते पाहण्याचे काम कार्यकर्त्यांवरच येणार.

साधने अगदीच नाहीत असे नाही. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात श्रवण व वाचा-उपचाराचे शिक्षण १९६० च्या दशकापासून आहे. म्हैसूरची अखिल भारतीय संस्था त्याच दशकातील. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतील मुले तपासायची असतात आणि जिल्हा पातळीवरील केंद्रांत श्रवण-वाचा तज्ज्ञाचे पद धरलेले आहे. त्या कार्यक्रमाच्या मूळ तीस विकारांच्या यादीत कानाचा दाह आहे, दुभंगलेला टाळू आहे, भाषाविकासातील विलंब आहे. उच्चारदोष स्वतंत्रपणे नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाला जागा मिळाली, परंतु व्याख्या अशी की कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेले असेल तरच ते धरायचे. ‘साप’ला ‘ताप’ म्हणणारी सात वर्षांची मुलगी त्या व्याख्येत बसत नाही. ती बसू नये हे एका अर्थी बरेच, कारण तिचा दोष कायमचा नाही. पण मग ती बसते कुठे? खाजगी फीच्या पावतीवर.

जिल्हा परिषदांत, पंचायत समित्यांत आपले जे मोजके सभासद आहेत त्यांनी काही प्रश्न विचारायला हरकत नाही. जिल्ह्याच्या केंद्रातील श्रवण-वाचा तज्ज्ञाचे पद भरलेले आहे काय? शाळा-तपासणीत किती मुलांचे कान खरोखर तपासले गेले? वाचा-तपासणीचा अहवाल पालकांना मराठीत मिळतो काय, आणि मुलाची तुलना कोणत्या मुलांशी केली हे त्यात लिहिलेले असते काय? विद्यापीठांतील आपल्या मित्रांनी भाषाशास्त्राचा विभाग आणि वाचा-उपचाराचे महाविद्यालय यांना एका टेबलाशी बसवावे. एका तालुक्यातील एका बोलीपासून आरंभ केला तरी चालेल. विशेष यंत्रसामग्री लागत नाही. लागतात ती शिकलेली माणसे, त्यांचे वेतन, आणि पाड्यावर जाऊन मुलाला गोष्ट सांगायला लावण्याइतका धीर.

त्या मुलीला आमचे सहकारी सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र निघाले; औषधोपचार सुरू झाला. तेथील तरुण उपचारक बाई मूळच्या अकोल्याकडच्या. त्यांनी मुलीकडून ‘साप’ आणि ‘ताप’ हे शब्द दहा-दहा वेळा म्हणवून घेतले, चुलत बहिणीकडूनही घेतले आणि चित्रे शेजारी शेजारी ठेवली. कानाला दोन्ही ‘ताप’च वाटत होते, पण साप म्हणताना मुलीच्या ‘त’पाठोपाठ हवेचे घर्षण थोडे अधिक काळ रेंगाळत होते, जवळजवळ प्रत्येक वेळी. बाईंनी तीसऐवजी आठ बैठका ठरवल्या आहेत, आणि ण व ळ यांवर काट मारली आहे. पुढचे मोजमाप कान कोरडा झाल्यावर व्हायचे आहे.